‘इश’चा झाला ‘इगो’

जर्मनच्या पहिल्या तासाला फळ्यावर ‘इश’ लिहिलं की वर्गात हमखास खसखस पिकते. मराठी मुलींचं लाजणं आणि जर्मनांचा ‘मी’ उच्चाराला इतके जवळ असतील, असं कुणाला वाटलेलं नसतं. मग मी सांगते, की तुम्ही ज्याला ‘इगो’ म्हणता, तो मनोविश्लेषणाचा जनक असलेल्या फ्रॉइडच्या घरी ‘इश’च होता.

१९२३ साली फ्रॉइडचं ‘दास इश उंट दास एस’ हे छोटेखानी पुस्तक आलं. नावाचा सरळ अर्थ ‘मी आणि ते’. दोन्ही शब्द जर्मन पोराच्या तोंडी दिवसभर असतात. यातलं ‘ते’ त्याने गेओर्ग ग्रोडेक या डॉक्टराकडून घेतलं होतं. १९२६च्या एका पुस्तकात एक काल्पनिक शंकेखोर उभा करून फ्रॉइडने त्याला बजावलं, की भारदस्त ग्रीक नावं टाळून ही साधी सर्वनामं आम्ही मुद्दाम घेतली आहेत. लोकांच्या बोलण्यापासून आम्हाला तुटायचं नाही.

पुढच्याच वर्षी लंडनच्या होगार्थ प्रेसने ‘दास इश उंट दास एस’चा जोन रिव्हिएरबाईंनी केलेला इंग्रजी अनुवाद काढला आणि ‘इश’चा ‘इगो’ झाला, ‘एस’चा ‘इड’. दोन्ही लॅटिन. तत्त्वज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकांत ‘इगो’ आधीपासून होता, पण ‘इड’ खास घडवावा लागला. अर्नेस्ट जोन्ससारख्या फ्रॉइडच्या ब्रिटिश अनुयायांना मनोविश्लेषण वैद्यकशास्त्रात प्रतिष्ठेने बसवायचं होतं, आणि डॉक्टरांची भाषा लॅटिन! जेम्स स्ट्रेची यांच्या देखरेखीखाली १९५३ ते १९७४ या काळात फ्रॉइडचे २४ खंड इंग्रजीत आले आणि या शब्दांवर कायमचं शिक्कामोर्तब झालं. मला विचाराल तर फ्रेंच शहाणे. त्यांनी ‘ल म्वा’ म्हणजे ‘मी’च ठेवला.

गंमत म्हणजे लॅटिन ‘इगो’ हा काही परका पाहुणा नाही. ग्रीक ‘एगो’, जर्मन ‘इश’, इंग्रजी ‘आय’, संस्कृत ‘अहम्’ ही सगळी एकाच कुळातली भावंडं. आपला ‘मी’ मात्र त्यांतला नव्हे. तो आला ‘मया’वरून, म्हणजे मुळात ‘माझ्याकडून’. गोव्याकडे मात्र ‘अहम्’चा वंश टिकला. माझी फोंड्याची आजी हाक ऐकली की ओरडायची, “हांव येतां गो!” तिच्या त्या ‘हांव’मध्ये सीझरचा ‘इगो’ होता, हे मला जर्मन शिकल्यावर कळलं.

आता अर्थाचं बघा. आपण ‘इगो’ म्हणजे गर्व समजतो, पण फ्रॉइडचा ‘इश’ गर्विष्ठ नाहीच. उलट त्रासलेला कारभारी आहे. ‘एस’ हा घोडा आणि ‘इश’ त्याचा स्वार, असं त्याने लिहिलं, आणि लगेच जोडलं, की पुष्कळदा घोड्याला जायचं असतं तिकडेच स्वाराला त्याला न्यावं लागतं. आपल्याकडे ‘अहंकारा’चा अर्थही असाच गर्वाकडे सरकला होता. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत अहंकार हे एक तत्त्व आहे: महत् म्हणजे बुद्धीतून निघालेलं, पुढे अकरा इंद्रियं आणि पाच तन्मात्रांना, म्हणजे सूक्ष्म तत्त्वांना, जन्म देणारं. घरात भांडताना आपण जो अहंकार काढतो, त्याच्याशी त्याचं नातं नावापुरतंच. म्हणून ऑफिसात कुणाचा ‘इगो दुखावला’ की मला फ्रॉइडइतकीच ईश्वरकृष्णाचीही कीव येते.