उपासनेची सार्थता : लक्षण, भेद आणि कसोट्या

प्रथम संज्ञा निश्चित करू. देवाने ख्रिस्ताच्या ठायी जे केले, त्याला मनुष्याने जाणीवपूर्वक दिलेले उत्तर म्हणजे ख्रिस्ती उपासना. या व्याख्येत तीन घटक येतात : ज्याला उत्तर द्यायचे तो देव, उत्तर देणारी मंडळी किंवा व्यक्ती, आणि गीत, प्रार्थना, वाचन, अर्पण, प्रभुभोजन इत्यादी क्रिया. क्रियेच्या द्वारे उत्तर देणाऱ्याचे चित्त देवाकडे पोचले, तर ती उपासना सार्थ होय. क्रिया घडली आणि चित्त क्रियेतच अडकले, तर ती निरर्थक. तिच्यात दोष क्रियेचा असतोच असे नाही.

निरर्थकता तीन प्रकारची असते. क्रिया आहे पण बोध नाही, ही पहिली. बोध आहे पण अंतःकरणाचा सहभाग नाही, ही दुसरी. दोन्ही आहेत पण आचरण नाही, ही तिसरी. आमोस संदेष्ट्याने इस्राएलाच्या उत्सवांवर आणि गायनावर जो कठोर आक्षेप घेतला, तो या तिसऱ्या प्रकारावर. यांपैकी पहिली सर्वांत सहज आढळते आणि सर्वांत सोप्या उपायांनी दूर होते. तरीही ती टिकून राहते, हे नवल आहे.

उपासनेचे मुख्य भेद दोन : सार्वजनिक आणि वैयक्तिक. कौटुंबिक प्रार्थना या दोहोंच्या मधली. सार्वजनिक उपासनेचा क्रम मराठी मंडळ्यांत साधारणतः असा असतो : आवाहन, गीत, पापांगीकार, शास्त्रपाठ, उपदेश, मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, आशीर्वचन. हा क्रम केवळ सोयीचा नाही. पवित्र देवासमोर आल्याचे भान झाल्याशिवाय पापांगीकाराला कारण उरत नाही. शास्त्रपाठाशिवाय उपदेश हे वक्त्याचे खाजगी मत ठरते. आणि वचन ऐकल्यावर केलेले अर्पणच उत्तर म्हणवते, एरवी ती वर्गणी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. प्रत्यक्षात मात्र वाचणारा उभा राहिल्यावर पवित्र शास्त्राची पाने चाळू लागतो, अध्याय सापडेपर्यंत मंडळी पेटीवाल्याकडे पाहते, आणि प्रभूची प्रार्थना ‘आमेन’पर्यंत एका दमात उरकली जाते. क्रम शाबूत असतो, त्यातील संबंध सुटलेला असतो.

यावरून पहिली कसोटी सिद्ध होते : बोध. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने हीच कसोटी लावली आहे. ऐकणाऱ्याला न समजलेल्या आभारप्रदर्शनाला तो ‘आमेन’ कसा म्हणणार, असा त्याचा तर्क आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेने हा तर्क गंभीरपणे घेतला. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ख्रिस्तपुराण ओवीबद्ध करून छापले. अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांनी कीर्तन हे उपदेशाचे साधन केले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक यांनी उपासनेला अभंग आणि पदे दिली. ‘उपासना संगीत’ हाती असलेल्या प्रत्येक मंडळीत ती आजही गायिली जातात. पुणे जिल्ह्यातील शिरूर हेही अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे असल्याने तेथील उपासनेचा घाट याच परंपरेतला आहे.

परंतु बोधाच्या कसोटीचे सर्वांत मोठे उदाहरण दौंड तालुक्यातील केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी तेथे आपण स्थापलेल्या मुक्ती मिशनमध्ये, आयुष्याच्या उत्तरार्धात, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने भाषा मात्र अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी साधी ठेवली. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. वाचणारीला समजावे एवढ्यासाठी भाषांतरकर्तीने एवढे कष्ट घेतले असतील, तर वाचणाऱ्याने उतारा आधी एकदा नजरेखालून घालणे ही फार मोठी मागणी नव्हे.

दुसरी कसोटी अंतःकरणाच्या सहभागाची. येथे भावावेश आणि सहभाग यांत भेद केला पाहिजे, आणि त्यासाठीही केडगावच साक्ष देते. जून 1905 मध्ये मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करीत, शेकडो जणी एकाच वेळी प्रार्थना करीत. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्यांना हे खटकले. रमाबाईंनी मात्र ते दडपले नाही. या घटनेचे वर्णन करणारे बहुधा जूनपासून आरंभ करतात. वस्तुतः आरंभ जानेवारीत आहे. रमाबाईंनी विशेष प्रार्थनेचा गट तेव्हा सुरू केला. त्यात आधी सुमारे 70 जणी होत्या, जूनपर्यंत 550 झाल्या, आणि त्या दिवसातून दोनदा जमत. म्हणजे जे उत्स्फूर्त दिसले, त्याच्या मागे पाच महिन्यांची नियमित साधना होती. पुढे याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या. तेव्हा भावावेश हे सार्थतेचे कारण नव्हे, क्वचित दिसणारे लक्षण आहे. माइकचा आवाज वाढवून ते उत्पन्न करू पाहणे म्हणजे कार्याला कारण समजणे होय. उलट, आवाज नाही म्हणून उपासना मृत, हाही तितकाच चुकीचा निष्कर्ष.

यातून वैयक्तिक उपासनेकडे येतो. तिची अंगे तीन : वाचन, मनन, प्रार्थना. सार्वजनिक उपासनेत मनन सर्वांत अल्प असते. वैयक्तिक उपासनेचे प्रयोजन तेथेच आहे. स्वतः रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिले आहे की 1883 च्या बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्ताची ओळख कित्येक वर्षांनी झाली. अडचण वेळेची सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. दौंड जंक्शनवर रात्रपाळी करणारा रेल्वे कर्मचारी किंवा रांजणगावच्या कारखान्यात आठवड्याला पाळी बदलणारा कामगार यांना ‘पहाटे पाच’ हा नियम घालून देणे निरुपयोगी. नियम घड्याळाशी नव्हे, दिनक्रमातील एखाद्या कृतीशी बांधावा : कामावर निघण्यापूर्वी, मग ते निघणे कोणत्याही प्रहरी असो. दहा मिनिटे पुरतात. अध्याय संपवण्याची घाई मात्र नसावी.

दोन्ही भेद एकमेकांचे शोधन करतात. एकट्याची भक्ती स्वतःच्या सुखदुःखाभोवती फिरू लागते. मंडळीतील मध्यस्थीची प्रार्थना तिला शेजाऱ्याकडे वळवते. मंडळीची उपासना प्रदर्शनाकडे झुकते. तिला खोलीचे दार लावून केलेली प्रार्थना खरेपणा पुरवते.

तिसरी कसोटी आचरणाची, आणि ती मत्तयाच्या पाचव्या अध्यायात निःसंदिग्ध आहे : भावाच्या मनात आपल्याविषयी काही असल्याचे आठवले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करावा. पंचांच्या निवडणुकीवरून किंवा जमिनीच्या वादावरून न बोलणारी दोन कुटुंबे एकाच प्रभुभोजनाला बसतात, तेव्हा गीत सुरात होते की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. पाळकाने अशा घरी प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात जावे. व्यासपीठावरून मोघम बोलू नये.

उरलेल्या दोन गोष्टी कोणत्याही मंडळीला याच आठवड्यात करता येतील. शास्त्रपाठ करणाऱ्याला उतारा शनिवारपर्यंत कळवावा. आणि सत्कार, सूचना, वाढदिवस हे सर्व आशीर्वचनानंतर घ्यावे. वेळ कमी पडला तर काट त्यांना बसावी, वचनाला नव्हे.