हौशी गायक-नटाचा गळा कसा जोखावा? संगीत नाटकाच्या इतिहासाच्या आधारे

समजा, तुम्ही आनेकल तालुक्यात राहता. जिगणी-बोम्मसंद्राच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात नाट्यगीतांची स्पर्धा ठेवली आहे आणि परीक्षकाच्या खुर्चीवर तुम्हाला बसवले आहे. दिवसभर हिशेबाचे काम करणारा एक हौशी गायक ‘संगीत सौभद्र’मधले पद म्हणतो. त्याला १० पैकी किती गुण द्याल? बहुतेक परीक्षक मनातल्या मनात एखादे प्रसिद्ध ध्वनिमुद्रण लावतात आणि समोरचा त्याच्या किती जवळ जातो ते पाहतात. या पाठात आपण ही पद्धत का फसवी आहे ते पाहू.

मुळात ‘नटाचे गाणे’ ही कसोटी मराठी रंगभूमीवर पहिल्यापासून नव्हती. उत्तर कन्नड भागातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे खेळ मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. म्हणजे या कथेचा उगम कर्नाटकातच आहे, हे आनेकलच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे. पात्रे आपापली भाषणे करीत. राम किंवा सीता झालेल्याचा गळा कसा आहे, हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे.

तो प्रश्न उभा केला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्यात पात्रे स्वतःच गात होती. साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या अंगाच्या चाली, काही कानडी वळणाच्या चाली, असे ते गाणे होते. त्यात लांबलचक आलापी नव्हती. शब्द मागच्या माणसापर्यंत पोचणे आणि पदातून कथा पुढे सरकणे, एवढे साधले की काम झाले. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले तेव्हा ते विशीच्या आतले होते. त्यांच्या उंच, धारदार आणि दूरवर पोचणाऱ्या आवाजाने प्रेक्षक वेडे झाले. ते १९०१ मध्ये वारले, आणि ग्रामोफोन कंपनीची भारतातली ध्वनिमुद्रणे सुरू झाली १९०२ मध्ये. त्यामुळे भाऊरावांचा गळा आज आपल्याला ऐकता येत नाही. उरले आहे ते ऐकणाऱ्यांचे कौतुक. ते खोटे मानण्याचे कारण नाही, पण ते कौतुक ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात बसलेल्या माणसांचे आहे. तिथे आवाज पोचणे हीच पहिली अट होती.

पुढे कसोटी पालटली. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा ख्याल-ठुमरीचे अंग रंगभूमीवर आले. आता नटाला ताना घ्याव्या लागत, समेवर नेमके यावे लागे, राग सांभाळावा लागे. भाव्यांच्या वा किर्लोस्करांच्या काळातला उत्तम गायक-नट या पदांवर कदाचित अडखळला असता. म्हणून तो कमी प्रतीचा होता का?

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. केशवरावांचा आवाज उंच, जोरकस, तडफदार. बालगंधर्वांचे गाणे मृदू, लयीशी खेळणारे, शब्द उलगडून दाखवणारे. एकाच रात्री, एकाच मंचावर, एकाच प्रेक्षकांनी दोघांना डोक्यावर घेतले. एकच मोजपट्टी हातात घेऊन बसलेल्या परीक्षकाला त्या रात्री कुणाला तरी नापास करावे लागले असते. मला तरी ती मोजपट्टी नको.

पाश्चात्त्य ऑपेराशी थोडी तुलना करू. तिथे गायकाला वाद्यवृंदाच्या वरून आवाज न्यायचा असतो. तालमीने तयार झालेल्या पुरुष गायकाच्या आवाजात सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास जोर एकवटतो आणि तिथे वाद्यवृंद तुलनेने दुबळा असतो, म्हणून तो ऐकू येतो. आपल्या नटामागे ऑर्गन, सारंगी आणि तबला. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखे वादक होते. तिथे गायकाला वाद्यांच्या वर चढायचे नव्हते, त्यांच्याबरोबर चालायचे होते. ऑपेराची फूत्कारणारी ताकद इथे नसली तर ती उणीव नव्हे.

आता ध्वनिमुद्रणाविषयी. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला भोंग्यासमोर तोंड करून गावे लागे आणि तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीनच मिनिटे मिळत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत बराच वेळ रंगणारे पद तीन मिनिटांत कोंबले जाई. आज तुमच्या मोबाइलचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या प्रकारे फसवते: हळू स्वर ते आपोआप मोठा करते, जोराचा दाबते. गायकाने मुद्दाम ठेवलेला चढउतार त्यात सपाट होतो. तेव्हा कुणी पाठवलेल्या चित्रफितीवरून निवाडा देऊ नका.

मग प्रत्यक्ष काय करावे? गायकाला आधी फक्त तंबोऱ्यावर गायला लावा. पेटीवाला बोट धरून नेत असला की कच्चा सूर झाकला जातो. ओळीच्या शेवटी, श्वास संपत आला असताना, स्वर खाली घसरतो का ते ऐका; हौशी गळ्याची सगळ्यात खरी ओळख तिथे पटते. तान चुकली तर फार मनावर घेऊ नका, पण तानेनंतर तो समेवर कसा परततो ते पाहा. मग ध्वनिक्षेपक बंद करायला सांगून शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि शब्द कळतात का ते तपासा. पद सौभद्रातले असेल तर शब्दांना जास्त गुण ठेवा. स्वयंवरातले असेल तर लयीला आणि राग सांभाळण्याला.

तुमच्या शेजारी बसलेल्या परीक्षकाने गुब्बी वीरण्णांच्या कंपनी नाटकांच्या आठवणी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, तर गुण लिहिण्याआधी त्यांच्याशी बोला. त्या मंचावरही नट स्वतः गात असे.