नाका नसलेला रस्ता

टोरांटोच्या उत्तरेकडून पूर्व-पश्चिम जाणारा ४०७ क्रमांकाचा महामार्ग १९९७ साली खुला झाला, तेव्हा त्यावर ना अडसर होता, ना पावती फाडणारा कारकून. कमानीवरील कॅमेरा गाडीची नंबरप्लेट टिपी, सरकारी दप्तरातून मालकाचा पत्ता निघे आणि बिल यथावकाश टपालाने घरी येई. गाडीची ओळख पटविणारे ट्रान्सपाँडर नावाचे रेडिओयंत्र नसलेल्या वाहनास छायाचित्राचा आकार निराळा पडे.

१९९९ साली ओंटारिओ सरकारने हा मार्ग सुमारे ३१० कोटी डॉलरांना ९९ वर्षांच्या मक्त्याने खासगी मंडळींस दिला. मक्त्याची वसुली किती जाचक होते, हे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीतील रयतेने पुरेपूर अनुभवले होते. तथापि जुन्या जकात नाक्यावर आकारणीच्या जागीच हुज्जत घालता येई, तर येथे ज्याने बिऱ्हाड बदलले, त्याच्यापर्यंत तगादा पोहोचेतो थकबाकीवर व्याज चढलेले असे. शिवाय कंपनीने मोटार-वाहन निबंधकास कळविले की वाहन-परवान्याचे नूतनीकरणच अडे. खासगी येणे वसूल करण्यास राजसत्तेचा हात असा उसना द्यावा, हे मला सर्वथा अन्याय्य वाटते.

एका ट्रकचालकावर अशी सुमारे ३५ हजार डॉलरांची बाकी चढली. न्यायालयाने त्याला दिवाळखोरीतून मुक्त केल्यावरही त्याचा परवाना अडूनच राहिला. हा तंटा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दिवाळखोरीतून मुक्त झालेल्या ऋणकोविरुद्ध परवाना अडविण्याचा हा अधिकार चालणार नाही, असा निवाडा १३ नोव्हेंबर २०१५ रोजी झाला.