पायली, कुंचम आणि शिगेचा हिशेब

हैदराबादच्या दिलसुखनगरमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याला सुरू होतो आणि सोलापूर, उमरगा, झहीराबाद करत हैदराबादेत येऊन पुढे सूर्यापेट, विजयवाड्यावरून मछलीपट्टणमला समुद्राला भिडतो. हे उपनगर दिलसुखराम नावाच्या जमीनदाराच्या शेतांवर वसले आणि नावही त्याचेच राहिले, असे सांगतात. बाजूलाच मलकपेटचा गंज, म्हणजे शेतमालाचा मोठा बाजार. या रस्त्याच्या पश्चिमेकडच्या मुलखात ज्वारी पायलीने मोजली जाई आणि पूर्वेकडच्या मुलखात भात कुंचमने. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे एकाच सरकारच्या दप्तरात ही दोन्ही मापे येत. आज जुनी सनद, कर्जखत किंवा देवस्थानाचा हिशेब हाती आला की पहिला प्रश्न पडतो तो पायली म्हणजे किती किलो हा. छापील कोष्टकात त्याचे उत्तरही एका आकड्यात मिळते. हा प्रश्नच अपुरा आहे आणि त्याचे एका आकड्यातले उत्तर इतिहासाच्या वाचकाची दिशाभूल करते, असे मला वाटते. जुनी मापे बेशिस्त नव्हती. त्यांची शिस्त नेमकी कशात होती आणि ती कुठे मोडत होती, हे मात्र एकदा नीट पाहायला हवे.

आधी शिडी पाहू. दोन निठव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरी दुपटीची, म्हणजे पायलीत ६४ निठवी. आता तेलुगू मुलखातली शिडी घ्या. चार गिद्द्यांचे एक सोल, दोन सोलांचे एक तव्व, दोन तव्वांचे एक मानिक आणि चार मानिकांचे एक कुंचम. गुणाकार केला तर कुंचमात ६४ गिद्दे निघतात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीतही चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण आहे, म्हणजे द्रोणात ६४ कुडव. नावे वेगळी, भांडी वेगळी, भाषा वेगळ्या, पण प्रमाण एकच. याला योगायोग म्हणणे मला जड जाते. दुप्पट आणि चौपट एवढ्यावरच बांधलेले माप कुणाही अडाणी माणसाला दुकानातच तपासता येते. दोन चिपटी मापट्यात ओतली की मापटे काठोकाठ भरते की नाही, ते डोळ्यांनी दिसते. त्यासाठी राजधानीतून आलेले प्रमाण-माप लागत नाही की सरकारी शिक्का लागत नाही. शिडीच्या वरच्या पायऱ्या मात्र अशा तपासता येत नाहीत आणि तिथेच गाव तसे माप होते. मण कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळांचा. वीस मणांची खंडी धरली तर ती एका ठिकाणी २४० पायल्यांची आणि दुसऱ्या ठिकाणी ३२० पायल्यांची होते. तेलुगू पुट्टीही वीस तूमांचीच, पण तूम चार कुंचमांचा, म्हणून पुट्टीत अवघी ८० कुंचम. खंडी आणि पुट्टी दोन्ही विसांच्या, एवढ्यावरून दोघी सारख्या मानल्या तर हिशेब कुठल्या कुठे जातो.

भांडे ठरले तरी धान्य उरतेच. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो, पण त्याच भांड्यात तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम मावतो, ज्वारी त्याहून थोडी कमी आणि साळ ६०० ग्रॅमच्या आतबाहेर. सालपटासकट असलेला दाणा जागा अडवतो आणि वजन देत नाही. मराठवाड्याची ज्वारी आणि तेलंगणचे भात एकाच भांड्याने मोजले तरी किलोचा आकडा एक निघणार नाही. ही गोष्ट जुन्या लोकांच्या ध्यानात नव्हती असे म्हणता येत नाही, कारण लीलावतीत यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सपाट जमिनीवर धान्याची रास घातली तर तिची उंची घेराच्या किती पट असते, ते भास्कराचार्यांनी धान्यागणिक वेगळे दिले आहे. जाड दाण्याला घेराचा दहावा भाग, बारीक दाण्याला अकरावा आणि कुसळ असलेल्या धान्याला नववा. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणले की घनफळ मिळते. साठ हात घेराची रास जाड धान्याची असेल तर ६०० घनहस्त, बारीक धान्याची असेल तर ५४५ च्या वर आणि कुसळाच्या धान्याची असेल तर ६६६ च्या वर भरते. घेर तोच आणि मोजणाराही तोच, पण मधले अंतर सुमारे १२१ घनहस्तांचे. धान्याचे नाव घेतल्याशिवाय माप पुरे होत नाही, हे आठ शतकांपूर्वी गणिताच्या पुस्तकात आले होते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखात आहे आणि त्यातल्या मराठी ओळींमध्ये मठासाठी दर घाण्यामागे पळीभर तेल नेमून दिले आहे. गणित आणि व्यवहार तिथे एकाच दगडावर आहेत.

तिसरी गोष्ट भरण्याची. माप सपाट भरायचे की काठावर रास चढवून, म्हणजे शीग लावून, भरायचे? शीग ही शेतकऱ्याच्या बोलण्यातली फार महत्त्वाची बाब, आणि वजनाची कोष्टके तिच्यावर गप्प असतात. भास्कराचार्यांचाच नियम भांड्याच्या तोंडावरच्या शिगेला लावून पाहू. भांडे जेवढे रुंद तेवढेच उंच असेल, तर जाड दाण्याची शीग भांड्यातल्या धान्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी भरते. तेच भांडे पसरट केले, उंची रुंदीच्या निम्मी ठेवली, तर शीग पाचव्या हिश्शापर्यंत जाते. म्हणजे सपाट भरल्यावर तंतोतंत जुळणाऱ्या दोन पायल्या शीग लावताच एकमेकींशी जुळेनाशा होतात, आणि यात कुणी तळाला लाख लावलेली नाही की काठ कापलेला नाही. आता हे कर्जाच्या व्यवहारात घाला. पेरणीच्या वेळी धान्य घ्यायचे आणि सुगीला सवाईने फेडायचे, चारास पाच, ही जुनी रीत. देताना सपाट आणि घेताना पसरट मापाने शिगेसकट घेतले, तर पाच मापांची सहा होतात. चार दिले आणि सहा घेतले, म्हणजे बोली सवाईची आणि वसुली दिढीची. कागदावर सवाई लिहिलेली असते आणि कागद खोटाही नसतो. कुळाचा खंड आणि बटाईचा वाटा यांनाही हेच गणित लागू होते. म्हणून अशा कागदावरून व्याजाचा दर काढताना आधी शीग विचारावी लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. शिगेची अशी लूट होत असेल तर जुनी पद्धत वाईटच, मग तिच्या शिस्तीचे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि दशमान पद्धत आली ते योग्यच झाले. हैदराबाद राज्याचे विभाजन झाले त्याच १९५६ च्या अखेरीस वजन-मापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत लिटरही सक्तीचा झाला. पण आपण या बदलाला शेरावरून किलोवर आलो एवढेच म्हणतो. धान्याच्या बाबतीत खरा बदल याहून मोठा होता. भांड्याने मोजणे जाऊन तोलणे आले. त्याने शीग कायमची संपली, हे मोठे काम झाले. लबाडी मात्र मापाच्या जातीत नसते. माप कुणाच्या हातात आहे, त्यावर ती ठरते. कापूस तर पूर्वीपासून वजनानेच विकला जाई. तरीही वऱ्हाडातल्या कारंजा येथे १८८६ मध्ये, हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने, देशातला पहिला नियंत्रित बाजार उभा करावा लागला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. निजामाच्या संस्थानातही १९३० मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा झाला. तराजू आल्याने प्रश्न सुटला असता तर या कायद्यांची गरजच पडली नसती. काटा मारणे, कडता कापणे हे शब्द तराजूच्याच राज्यातले आहेत. शिवाय चिपटे-मापट्याची जी तपासणी शेतकरीण स्वतः करू शकत होती, ती तराजूच्या बाबतीत तिच्या हातून निसटली. तेव्हापासून तिला मापाडी, बाजार समिती आणि वजनमाप निरीक्षक यांच्यावर विसंबावे लागले. हा तोटा छोटा नाही, आणि तो मोजल्याशिवाय बदलाचे मोल कळत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. वाचकाला काहीतरी एक आकडा द्यावा लागेल, पळवाटा काढून कसे चालेल? जगाच्या धान्यबाजाराने याचे उत्तर आधीच शोधले आहे. अमेरिकेत बुशेल हे मुळात घनफळाचे माप, पण व्यापारात गव्हाचा बुशेल ६० पौंडांचा, मक्याचा ५६ आणि ओटचा ३२ पौंडांचा धरतात. एकच माप, धान्य तसा आकडा. पिठाच्या गिरण्या आजही गव्हाची प्रत हेक्टोलिटरमागे वजन किती भरते यावरून पाहतात. आणि घनफळाचे पारंपरिक माप मेले असे मानणाऱ्याने दिलसुखनगरच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये भाताच्या विजेच्या कुकरबरोबर आलेली प्लास्टिकची वाटी पाहावी. तिच्यात १८० मिलिलिटर मावते. ते जपानी ‘गो’चे माप, जे जपानने सरकारी व्यवहारातून काढून टाकल्यावरही तांदळाच्या स्वयंपाकात टिकले. भात शिजवताना तांदूळ आणि पाणी यांचे घनफळच जुळवायचे असते, म्हणून तिथे वाटी तराजूपेक्षा सोयीची ठरते. गिद्दे आणि सोल घरात टिकले तेही याच कारणाने.

तेव्हा जुन्या कागदांचा हिशेब लावताना घाई न करता पुढे जावे. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून महसुलाची घडी बसवली आणि बटाईची जागा हळूहळू रोख साऱ्याने घेतली, त्या काळाचे कागद विशेष जपून वाचावे लागतात, कारण तिथे माप, वजन आणि रुपया तिन्ही एकदम बदलतात. भाव तेव्हा रुपयाला इतके शेर असा लिहीत. आकडा घटला म्हणजे महागाई वाढली. तो शेर मापाचा की ८० तोळ्यांच्या वजनाचा, कच्चा की पक्का, हेही पाहायला लागते. पल्ला १२० शेरांचा, म्हणजे तीस पायल्यांचा, हे माहीत असले तर निदान दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात. समजा नांदेडकडच्या एका सनदेत देवस्थानाला दरसाल दोन खंडी ज्वारी लावून दिलेली आहे. बाराच्या मणाने ती ४८० पायली होते आणि सोळाच्या मणाने ६४०. पायलीत चार शेर, त्यामुळे १,९२० ते २,५६० शेर. त्यावर शीग धरली तर दहावा ते पाचवा हिस्सा अधिक, म्हणजे वरची मर्यादा ३,०७२ शेरांपर्यंत जाते. अजून किलोचे नावही घेतलेले नाही आणि तरी वरचा आकडा खालच्याच्या दीडपटीहून जास्त आहे. याच गावच्या दुसऱ्या कागदात मणाच्या पायल्या सांगितलेल्या असतील तर ही रुंदी एकदम कमी होते. तशी नोंद सापडेपर्यंत दोन्ही टोके लिहून ठेवायची.