शब्द मोजणारी आज्ञा

कथास्पर्धेच्या जाहिरातीत शब्दमर्यादा दिलेली असते. हस्तलिखिताचे शब्द मोजण्याची आपली जुनी रीत अशी : एका ओळीतले शब्द मोजायचे आणि त्यांना ओळींनी व पानांनी गुणायचे. संगणक हेच काम क्षणात करतो. पण 'शब्द' म्हणजे काय, हे त्याला कसे कळते?

याचे उत्तर १९७१ सालात सापडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी 'युनिक्स' ही संगणकप्रणाली घडवत होते. त्यांना नवा संगणक हवा होता. तो मिळवताना मजकूर तयार करण्याची सोय करून देऊ, असे त्यांनी कबूल केले होते. त्यानुसार १९७१ मध्ये तिथल्या पेटंट विभागाचे टंकलेखक या प्रणालीवर पेटंटचे अर्ज तयार करू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत 'डब्ल्यूसी', म्हणजे 'वर्ड काउंट', ही आज्ञा आहे.

तिची युक्ती अगदी साधी आहे. संगणक एकेक चिन्ह वाचत जातो आणि एकच गोष्ट लक्षात ठेवतो : आपण शब्दाच्या आत आहोत की बाहेर? मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट आला की तो 'बाहेर' येतो. बाहेर असताना दुसरे कोणतेही चिन्ह आले की तो 'आत' जातो आणि मोजणीत एकाची भर घालतो. अर्थाशी त्याला काही देणेघेणे नाही. कर्निघन आणि रिची यांनी १९७८ मध्ये 'सी' भाषेवरील आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ही युक्ती उदाहरण म्हणून घेतली. आजही प्रकरणागणिक वेगळी फाइल ठेवणाऱ्या कादंबरीकाराला ही आज्ञा प्रत्येक फाइलची शब्दसंख्या आणि शेवटी बेरीज देते.

मात्र त्या पहिल्या पुस्तिकेत या आज्ञेच्या वर्णनात कंसात 'इंग्रजी' असा शब्द होता. तो किती महत्त्वाचा आहे पाहा. 'घरासमोरच्या अंगणात' हे मराठीत दोन शब्द. हेच इंग्रजीत सांगायला सहज आठ शब्द लागतात, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. तेव्हा इंग्रजी कथेची शब्दमर्यादा मराठी कथेला जशीच्या तशी लावली, तर दोन्ही लेखकांना सारखी जागा मिळत नाही.

अक्षरांचीही तीच गत. 'शब्द' या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात : श आणि ब्द. युनिकोडच्या हिशेबात श, ब, हलन्ताची खूण व द अशी चार चिन्हे होतात. १९९२ मध्ये टॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या 'यूटीएफ-८' पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण बारा. दोन, चार की बारा? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. आपण काय मोजतो ते आधी ठरवायला हवे.

पाठ्यपुस्तकातील एखादा मराठी उतारा आणि त्याचे इंग्रजी भाषांतर घेऊन विद्यार्थ्यांना दोन्हींतले शब्द मोजायला सांगा. मोजमापाआधी व्याख्या का लागते, हे त्यांना आपोआप उमगेल.