न विटणारे चित्र

भिंतीवरील आजोबांचे छायाचित्र पिवळे पडून चेहरा पुसट होऊ लागला, की आपण काळाला दोष देतो. छायाचित्रणकलेच्या बाल्यावस्थेतही हेच दुःख होते. कागदावरील चांदीची चित्रे काही वर्षांतच विरू लागली, तेव्हा १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने कारणे शोधण्यासाठी समिती नेमली. कागदात राहून गेलेला हायपो, हवेतील गंधक आणि ओलावा यांवर तिने बोट ठेवले.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्फाँस प्वातव्हँ यांनी निराळी वाट काढली. चांदीऐवजी चित्रकाराचे रंगद्रव्यच का वापरू नये? जिलेटिन किंवा डिंकात रंगद्रव्य व पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून कागदावर लेप द्यायचा. प्रकाश लागेल तिथे लेप घट्ट होतो. उरलेला पाण्याने धुऊन जातो. परंतु लेप वरून घट्ट होत असल्याने फिकट छटांखालचा मऊ थर विरघळे आणि त्या छटाही वाहून जात. १८६४ साली इंग्लंडच्या जोसेफ स्वान यांनी हा लेप दुसऱ्या कागदावर उलटा चिकटवून मागील बाजूने धुण्याची व्यवहार्य रीत आणली व हा दोष दूर केला. रंगद्रव्य मुख्यतः काजळीचे, म्हणून नाव पडले कार्बन प्रिंट.

काजळी उन्हाने विटत नाही. परंतु गिऱ्हाइकांना हवी असे जांभळट तपकिरी छटा. त्यासाठी तांबडा रंग मिसळावा लागे. खरी कसोटी इथेच होती. गेरूचा तांबडेपणा लोहाचा, तो टिकतो. कोचिनील किड्यापासून काढलेला कार्माइन दिसायला मोहक, पण प्रकाशात उडून जाणारा. असे मिश्रण वापरले, तर काळी रेषा राहते आणि चेहऱ्यावरील ऊब जाते. ग्रेबे व लीबरमान यांनी १८६८ साली प्रयोगशाळेत सिद्ध केलेले अलिझरिन कार्माइनपेक्षा बरे. तरी पातळ लेपात तेही विटते.

मग निवड कशी करावी? रंगाच्या नळीवरील नावावर विसंबून चालत नाही; एकाच नावाखाली निरनिराळी द्रव्ये विकली जातात. ब्रिटनमध्ये १९२४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘कलर इंडेक्स’ या कोशाच्या परंपरेतील क्रमांक मात्र द्रव्याची ओळख पटवतात. पी.बी.के. ६ म्हणजे काजळी, पी.आर. १०१ म्हणजे कृत्रिम लोह-ऑक्साइड, पी.आर. ८३ म्हणजे अलिझरिन. डिंकाच्या पद्धतीने आजही चित्रे छापणारे हौशी कलावंत नळी उलटून आधी हा क्रमांक वाचतात.

पुढील पिढीच्या हाती चेहरा सुपूर्द करायचा, तर रंगाच्या मोहक नावापेक्षा त्याचे मूळ द्रव्य पाहावे, हा धडा प्रथम विटलेल्या चित्रांनीच दिला.