वराह, बाण आणि साखरखेर्डा

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याची लढाई एका दिवसात निकालात निघाली. ११ ऑक्टोबर १७२४ ला निजाम-उल्-मुल्काने तिथे मुबारिजखानाला लोळवलं, दख्खन खिशात घातलं आणि गावाचं नाव ठेवलं फत्तेखेर्डा. गावाने ते काही मनावर घेतलं नाही. साखर ती साखरच!

दुसरी एक लढाई मात्र निजामाहून फार जुनी. ती अजून चालू आहे. शेतकरी विरुद्ध रानडुक्कर.

बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचं राजचिन्ह वराह. पण त्याच्याच 'मानसोल्लासा'त शिकारीचं शास्त्र आहे आणि डुक्कर भाजायची कृतीसुद्धा! म्हणजे मुद्रेवर वराह आणि मुदपाकखान्यातही वराह. राजेलोकांना असं चालतं.

शेतकऱ्याला चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याला बाण आणि बंदूक सारखीच. परवानगीशिवाय मारलं की गुन्हा, मग गायरान असो की घरचं वावर. वर मारलेलं जनावर सरकारजमा. थोडक्यात, मेलेलं डुक्कर सरकारचं, जिवंत डुक्कर शेतकऱ्याचं!

म्हणून तो बिचारा थंडीत मचाणावर बसून डबा बडवतो. पहाटे जरा डोळा लागतो, आणि उजाडल्यावर पाहावं तर चार महिन्यांचा मका आडवा. पंचनाम्यात नुकसान मावतं. जागरण मावत नाही.

निजामाचं कौतुक आहेच हो. पण मुबारिजखान निदान दिवसाउजेडी समोर आला होता!